बांधावरचा हायकू

माझे सासरे हायकू करतात. हे वाक्य मी माहेरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आईला वाटलं की हा पोटाचा काहीतरी विकार असावा. "मग औषध चालू आहे का?" असं तिनं फार काळजीनं विचारलं होतं. विकार नाही, हे मी तिला तेव्हाच समजावलं. पण औषधही नाही, हे मला सासरी राहून हळूहळू कळत गेलं.

गोरोबामामांची जळकोटात पिठाची गिरणी आहे. आमच्याकडं सुना सासऱ्याला मामाच म्हणतात, त्यामुळं या हकिकतीत मामा म्हणजे सासरे, हे एकदा ध्यानात ठेवावं. अंगावर कायम पिठाचा थर. भुवया खऱ्याच पांढऱ्या झाल्यात की पीठ बसलंय, हे आंघोळ झाल्याशिवाय कळत नाही. बोलणं म्हणाल तर दिवसभरात "बारीक का जाड?" आणि "डबा ठिवून जा." एवढ्यावर या माणसानं संसार केला. माझी सासू तारामती, तिला मी आत्या म्हणते, ती सांगते की लग्न ठरवताना मुलगा मुका तर नाही ना, अशी चौकशी तिच्या बापानं गावात दोन ठिकाणी केली होती.

अशा माणसाला हायकूचा नाद लागला तो एका डब्यामुळं. कुणाच्या तरी डब्याचं झाकण हरवलं होतं आणि वर वर्तमानपत्राची पुरवणी सुतळीनं बांधून आणली होती. गिरणीवर आलेला कागद मामा वाचल्याशिवाय सोडत नाहीत. त्यात हायकूवर लेख होता. तीन ओळी, पहिलीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच, आणि ऋतूची एखादी खूण. मामा तो कागद घेऊन तडक माझ्याकडं आले. मी मराठी घेऊन एम. ए. केलंय, याचा घरात कुणी पहिल्यांदाच उपयोग करत होतं.

"समृद्धी, जोडाक्षर एक धरायचं का दोन?"

"एक," मी म्हटलं.

"मग बेस हाय. परवडतंय," असं म्हणून ते गेले आणि दुसऱ्या दिवशी गिरणीच्या निळ्या पत्र्याच्या दारावर, जिथं एरवी 'लाईट नाही' लिहिलेलं असायचं, तिथं खडूनं तीन ओळी उमटल्या.

जुन्या डब्यात
नव्या गव्हाचा वास
चैत्र आला की

मला तर बाई तो आवडला. दळण घेऊन आलेल्या बायकांनी तो वाचला, एकमेकींकडं पाहिलं आणि एकीनं विचारलं, "भाऊ, ह्यात दळणाचा दर वाढलाय का कमी झालाय?" मामा हसले आणि त्यांनी तिचा डबा आधी घेतला. तेव्हापासून ऋतू बदलला की दार बदलतं. गावातल्या पोरांना पाऊस लांबलाय की थंडी पडायला लागलीय, हे आकाशापेक्षा आमच्या दारावरून आधी कळतं, असं शिवराज म्हणजे माझा नवरा म्हणतो. त्याला वडिलांचं कौतुक आहे, फक्त ते तो त्यांच्यासमोर बोलून दाखवत नाही. गप्प बसणं त्या घराण्यात आहे.

सरत्या वर्षालाही मामा हायकूशिवाय जाऊ देत नाहीत. त्यासाठी त्यांनी येळवस धरली आहे. मार्गशीर्षातली ही अमावास्या म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, मिसळ भाज्यांची भज्जी, ताकातली आंबिल, बाजरीचे उंडे, खीर असं सगळं डोक्यावरून नेऊन नैवेद्य दाखवायचा आणि मग दिसेल त्याला हाका मारून जेवायला बसवायचं. माझं माहेर परंड्याचं. तिकडं एवढा दणका मी पाहिलेला नव्हता. पहिल्या येळवशीला मला पाच कोपींवर जेवावं लागलं आणि सहाव्या कोपीवरून हाक आली तेव्हा मी खरोखर तुरीत लपून बसले होते.

तर जेवणं झाली की मामा बाभळीखाली बसून वर्षभराचे हायकू ओळीनं म्हणतात, चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत. आणि दिवस कलला की शेवटचा, नवा कोरा हायकू. त्यानं वर्षाला निरोप. हे सगळं ऐकायला आम्ही असतोच, पण मामा म्हणतात ते एकाच माणसाकडं बघून. तो म्हणजे हणमंतप्पा.

हणमंतप्पाकाकांचं शेत आमच्या बांधाला बांध लावून. मामा जितके मुके, तितका हा माणूस मोठ्या गळ्याचा. शेजारच्या माणसाशी बोलतानाही तो जणू नळदुर्गाला हाक मारतो. दोघं पाटी-पेन्सिलीपासूनचे दोस्त. ट्रॅक्टर आले तशी गावातली बैलं एकेक करून गेली, उरली ती हणमंतप्पाकाकांची देवणी जोडी, हरण्या आणि बाळ्या. त्यांचा सोलापूरचा मुलगा वर्षातून दोनदा येऊन म्हणतो, "बाबा, आता वय झालं, बैल विका." आणि काका म्हणतात, "वय माझं झालंय, बैलाचं न्हाय." हायकूतलं त्यांना काय कळतं ते मला ठाऊक नाही. पण माझ्या एम. ए.ला विचारून झालं की मामा शेवटी तोच हायकू काकांना ऐकवतात, आणि काकांनी मान हलवली नाही तर तो दारावर जात नाही. मला राग येत नाही असं नाही.

गेल्या वर्षीच्या आदल्या वर्षी वैशाखात मात्र मामांनी कुणाला ऐकवायच्या आधीच लिहिलं.

भर दुपारी ते शेतातून आले. चेहरा खुललेला, उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर नाचत होती. मोजणी चालू असली की ते पायसुद्धा धूत नाहीत. तडक गिरणीवर गेले आणि दारावर लिहिलं.

वैशाख ऊन
सावलीत मालक
उन्हात बैल

मी चहा घेऊन गेले, वाचलं आणि म्हटलं, "मामा, पुसा हे."

"का? जमलाय की."

"जमलाय म्हणूनच पुसा. काकांना लागेल."

"नाव कुठं लिवलंय त्याचं? बैल म्हंजी बैल. जगातला कुठलाबी."

"मामा, जगाचं काय घेऊन बसलात, जळकोटात बैलजोडी एकच आहे!"

पण हायकू जमल्याच्या नशेत असलेल्या माणसाला शहाणपण सांगणं म्हणजे चालू गिरणीशी बोलणं. मी नाद सोडला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी दाराचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि हायवेवरच्या चहाच्या हॉटेलात हॉटेलवाल्या बंडप्पानं हणमंतप्पाकाकांना सगळ्यांदेखत विचारलं, "काय काका, सावली गार हाय का?" सगळं हॉटेल हसलं. जो माणूस स्वतःच्या आधी बैलांना पाणी दाखवतो, त्याला असं विचारणं म्हणजे काय, हे कळायला शेतकरी असावं लागत नाही.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर आले. दारासमोर उभं राहून, ओठ हलवत, त्यांनी तो हायकू वाचला. मग आत येऊन मामांकडं पाहिलं. रांगेत त्यांचा ज्वारीचा डबा होता, तो उचलला, खांद्यावर टाकला आणि निघून गेले.

आमच्याकडं माणसं भांडतात, शिव्या देतात, पुन्हा बोलतात. पण दळण दुसऱ्या गिरणीवर नेणं ही गोष्ट वेगळी आहे. ते सोयरीक मोडण्यासारखं आहे. लक्ष्मम्मा, म्हणजे काकांची बायको, डबा घेऊन शिवेपलीकडच्या गिरणीवर जाताना साऱ्या गावानं पाहिली. ती आणि आत्या नळावर भेटल्या की मात्र पूर्वीसारख्याच बोलायच्या. त्या दोघींनी या भांडणात भाग घ्यायचं साफ नाकारलं होतं.

मामांनी हायकू पुसला, पण ते काकांकडं गेले नाहीत. "म्या काय खोटं लिवलं का? बैल उन्हातच हुता," एवढंच म्हणायचे. आत्या वैतागायची. "खरंखोटं गेलं खड्ड्यात. दोस्त हाय का न्हाय ते बगा." मामा गिरणी चालू करायचे. गप्प बसण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही.

श्रावणात दारावर आलं,

पट्टा थांबला
पावसाचं ऐकाया
गिरणीसुद्धा

खरं तर लाईट गेली होती. पण ते असो. हा हायकू लिहून मामा कितीतरी वेळ बाहेर उभे होते. कुणीतरी येऊन मान हलवेल म्हणून वाट बघत होते, हे न कळायला मी काही आंधळी नाही. पुढं दिवाळी आली. गिरणी सकाळपासून रात्रीपर्यंत धडधडत होती, डब्यांची रांग रस्त्यावर गेली होती. त्या धांदलीतही त्यांनी लिहिलं,

दिवाळी आली
दळण नाही आलं
एका घरचं

या वेळी कुणी फोटो काढला नाही. बायका वाचायच्या आणि आवाज न करता डबा ठेवून जायच्या. एकीनं तर डोळ्याला पदर लावला. हा हायकू काकांपर्यंत पोचणार, अशी माझी खात्री होती. जळकोटात शिंक पोचते, हायकू पोचणार नाही? पोचलाही असणार. पण काका आले नाहीत.

मग दार कोरं राहू लागलं. थंडी पडली, तुरी पिवळ्या झाल्या, हरभऱ्याला घाटे धरले. मामांचा हात खडूकडं जाईना. त्या साली येळवस नेमकी तीस डिसेंबरला आली. इंग्रजी वर्ष आणि आमचा सण एकाच गाडीत बसले होते. आदल्या दिवशी आम्ही भज्जीसाठी हरभऱ्याचे सोलाणे सोलत बसलो होतो, मध्ये भाज्यांचा ढीग, आणि मामा उंबऱ्यात बसून म्हणाले, "औंदा हायकू न्हाय. वरीस आपलं आपण जाईल."

मला इतका राग आला की हातातला घाटा लांब उडाला. "वर्ष जाईल हो मामा, त्याला कुणी अडवलंय? पण तुम्ही असेच बसून राहिलात तर हणमंतप्पाकाकाही जातील त्याच्याबरोबर. पुढच्या येळवशीला मग कुणाकडं बघून म्हणणार आहात? शिवराजकडं?"

शिवराजनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. मामा उठून आत गेले. आत्या हलक्या आवाजात म्हणाली, "बोललीस ते झाक केलंस. माज्याच्यानं एवढं झालं न्हाय."

येळवशीच्या सकाळी आम्ही शेतात पोचलो. कोप उभी राहिली, वर शाल घातली, पांडव बसले, नैवेद्य झाला. मग आंबिलीचं शिंपण. एकानं आंबिलीचं मडकं घेऊन पुढं चालायचं, पिकावर शिंपत ओरडायचं, "ओलगे ओलगे!" आणि मागच्यांनी उत्तर द्यायचं, "सालम पलगे!" याचा अर्थ कुणाला नीट सांगता येत नाही, पण ओरडताना कुणी अडखळत नाही. आमच्या शेतात हे उत्तर कायम बांधापलीकडून यायचं. मामांच्या बारक्या हाकेला काकांचा तो गडगडाट, आणि काकांच्या हाकेला मामांचा आवाज. असा दोन शेतांचा मिळून एक फेरा व्हायचा.

मामांनी हाक दिली. मागून शिवराज "सालम पलगे" म्हणाला, ते बँकेत नंबर पुकारावा तसं. आत्या म्हणाली, मीही म्हणाले. बांधापलीकडं काहीच नाही. आम्ही अर्ध्या शेतापर्यंत गेलो आणि तिकडून आवाज आला. हणमंतप्पाकाका आपल्या शेतात शिंपत होते. "ओलगे ओलगे!" असं ओरडायचे, जरा थांबायचे, आणि मग "सालम पलगे!" हेही स्वतःच ओरडायचे. सोलापूरचा मुलगा या वर्षी आला नव्हता. मागं एकटी लक्ष्मम्मा, तिचा आवाज तिलाच ऐकू येत नाही. एकच माणूस आपल्याच हाकेला ओ देत हरभऱ्यातून चालला होता. ते ऐकून मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

मामा उभे राहिले. काकांनी तिकडून पुन्हा "ओलगे ओलगे!" केलं, आणि ते थांबतात तेवढ्यात इकडून मामा ओरडले, "सालम पलगे!" हा आवाज त्यांना कुठून फुटला देव जाणे. तुरीतले पक्षी उडाले. तिकडं काका दचकून थांबले, वळले नाहीत. मामांनी मडकं माझ्या हातात दिलं, धोतराचा सोगा खोचला आणि बांध ओलांडला. मडक्यासकट मी मागं. शिवराज आणि आत्या माझ्या मागं. नैवेद्याच्या ताटाजवळ कुणीच उरलं नाही, तेव्हा कुत्र्यानं उंडे नेले, पण ते नंतर कळलं.

येळवशीला कोपीवर आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवायचं नसतं. वैरी असला तरी. हे मामांना माहीत होतं आणि काकांनाही.

"आलाव," मामा म्हणाले.

"दिसायलंय," काका म्हणाले. "बस. येळवस हाय म्हणून बस म्हणायलाव. दुसरं काय समजू नको."

आम्ही बसलो. लक्ष्मम्मानं पानं वाढली आणि आनंदाच्या भरात मला भज्जी तीनदा वाढली. दोघं दोस्त खाली मान घालून जेवत होते. शेवटी मामांनी आंबिलीची वाटी खाली ठेवली.

"हणमा, ती चेष्टा हुती. तुजं गावात हसं झालं. चुकलं माजं."

"चेष्टंचं न्हायच ते," काका म्हणाले. आवाज बारीक होता, आणि काकांचा बारीक आवाज मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. "गाव हसलं तर हसलं. म्याबी गावाला हसतो की. पर तुला काय वाटलं, म्या झोपलो हुतो?"

"मग?"

"डोळ्याफुडं अंधारी आली हुती. पाय उचलंना. कसातरी बाभळीखाली येऊन पडलो. हरण्या तिकडं उन्हात उभा. त्याला सोडाया उठावं म्हणलं, तर अंग उठंना. अन् तेवढ्यात तू बांधावर दिसलास. म्हणलं, आला गोरोबा, आता भ्याव न्हाय. हात केला तुला. वर उचलून केला." काकांनी हात उचलून दाखवला. "तू बगितलंस. अन् उभा राहून बोटं मोजायलास. मोजलीस, हसलास, अन् गेलास निघून."

मामांनी आपला उजवा हात पालथा केला, उताणा केला, त्याच्याकडं नुसतं बघत राहिले.

"दिसला हुता मला तुजा हात," ते म्हणाले. "मला वाटलं, माशी हाकलायलास." मग म्हणाले, "माशी पण घेणार हुतो त्यात. अक्षरं बसंनात. म्हणून गाळली."

आणि माझे सासरे रडायला लागले. ज्या माणसाला मी सासू आजारी असताना, शेत पाण्याखाली गेलं असताना रडलेलं पाहिलं नव्हतं, तो पानावर बसून लहान मुलासारखा रडत होता. मीही रडले. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची फार मायाही वाटत होती, दोन्ही एकाच वेळी. इतकं बघतो हा माणूस! गव्हाचा वास बघतो, थांबलेला पट्टा बघतो. आणि दोस्ताचा वर झालेला हात दिसूनही त्याला दिसला नाही.

पण रडणं फार चाललं नाही, कारण लक्ष्मम्मा पळी घेऊन उभी राहिली होती. "अंधारी? कवा आली हुती अंधारी? मला का न्हाय सांगितलं?"

काकांच्या लक्षात आलं की रागाच्या भरात आपण काय बोलून बसलो. "तुला सांगितलं असतं तर तू पोराला फोन केला असतास. अन् पोरानं दुसऱ्या दिवशी बैलं बाजारात उभी केली असती."

"बैलासाठी मरणार हुता व्हय तुमी? अन् मी काय करायची? बैलासंगं संसार?" पळी काकांच्या नाकासमोर हलत होती. "भावजी, तुमी तरी सांगा ह्यांला!"

"उद्याच्याला मी न्हेतो दवाखान्यात," मामा डोळे पुसत म्हणाले. "तुळजापूरला. शिवराजच्या गाडीवर न्हाय, यष्टीनं. सावकाश. पोराला काय सांगायचं ते डाक्तर बोलल्यावर बगू."

"म्या न्हाय येत," काका म्हणाले.

"येशील," असं मामा, आत्या आणि लक्ष्मम्मा तिघंही एकदम म्हणाले. काकांनी शिवराजकडं आशेनं पाहिलं. त्यानं नजर चुकवली.

मग काका म्हणाले, "अन् तू रडू नको रं, आंबील खारट हुईल. वरीसभराचं म्हण काय म्हणायचं ते. कान वाळून गेल्यात माजे."

मामांनी म्हटले. चैत्र म्हटला. वैशाख गाळला आणि सरळ श्रावणावर गेले, तर काकांनी अडवलं. "मधला कुठं गेला? त्योबी म्हण. जमला हुता त्यो." मामा म्हणेनात. शेवटी काकांनीच तो मोठ्यानं म्हणून दाखवला, अगदी पाठ होता त्यांना. आणि म्हणाले, "फुडं माजं एक जोडतो. दोस्त आडवा पडला अन् ह्यो बेणं बोटं मोजत हुतं." अक्षरं किती झाली देव जाणे, पण या खेपेला मामांनी मोजली नाहीत. दिवाळीचा हायकू ऐकून काकांनी नजर हरभऱ्याकडं वळवली. "ऐकला हुता म्या," म्हणाले. "चार दिवस डबा भरून दारात ठिवला हुता. पर पाय निगंना."

दुपार अशीच गेली. दोन्ही घरचं जेवण एका कोपीवर आलं. आत्या आणि लक्ष्मम्मा घोंगडीवर आडव्या होऊन साठलेलं बोलून घेत होत्या, जे खरं तर रोज नळावर बोलून झालेलं होतं. हरण्या आणि बाळ्या तुरीच्या कडेला सावलीत उभे होते. त्यांना सावलीत बांधायला मामा स्वतः गेले होते, दोनदा.

दिवस कलला तसं कोपीपुढं शेणीचा जाळ करून लक्ष्मम्मानं दूध ठेवलं. येळवशीला संध्याकाळी दूध उतू घालतात. ज्या दिशेला ते आधी उतू जाईल त्या अंगाला पुढच्या साली पीकपाणी चांगलं, असं म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण दूध चढायला लागलं की मान आपोआप पुढं जाते. सगळे जाळाभोवती गोळा झाले. मामांचा शेवटचा हायकू यायचा तो याच वेळेला, दूध वर येताना.

"हाय का तयार?" काकांनी विचारलं. ते दगडावर उकिडवे बसले होते.

"दोन वळी हायत. तिसरी येईल म्हणताना."

दुधावर साय हलली. कडेनं बुडबुडे धरले. सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला होता आणि शेताला सगळीकडं केशरी झाक आली होती. मामांनी घसा साफ केला आणि काकांकडं बघून म्हणाले,

"ऊन कलतं
वर्षाच्या पाठीवर"

आणि श्वास घेतला. इतक्यात काका दूध बघायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि एका अंगाला झुकले.

मामा जाळावरून उडी मारून कसे गेले ते मला आजही कळलेलं नाही. पळी लाथेनं उडाली, माझ्या साडीवर राख आली. त्यांनी काकांना दोन्ही हातांनी कवेत धरलं आणि ओरडले, "पाणी आणा! शिवराज, गाडी काढ! हणमा, बस, बस खाली!"

"आरं सोड!" काका कवेतून ओरडले, आणि तो आवाज पुन्हा नळदुर्गाला जाणारा होता. "पायाला मुंग्या आल्यात माज्या! बसून बसून! सोड की, बरगड्या मोडशील!"

मागं फस्स करून आवाज झाला. धूर आला, करपल्याचा वास आला.

"दूध कुणीकडं गेलं?" आत्यानं विचारलं. कुणीच सांगू शकलं नाही. लक्ष्मम्मा म्हणाली उगवतीला, शिवराज म्हणाला आमच्या बांधाकडं, पण दोघंही खोटं बोलत होते, कारण आम्ही सगळेच त्या दोघांकडं बघत होतो. पुढचं साल कुणाचं चांगलं, हे त्या येळवशीला ठरलंच नाही.

"अन् हायकू?" काका म्हणाले. "तिसरी वळ ऱ्हायली की रं. पुरा कर, वरीस खोळंबलंय."

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले, आणि पायातल्या मुंग्या जाईपर्यंत त्यांनी काकांना सोडलं नाही.